गाडीतला जनरेटर : पाणी इंजिनावर, घाव कार्डावर

पनवेल सोडून पळस्पे फाट्यावर आले, की मुंबईकडून येणाऱ्या रस्त्याला दोन वाटा फुटतात. एक खोपोलीवरून पुण्याकडे जाते, दुसरी पेण-महाडवरून गोव्याकडे. पहाटेच्या वेळी येथे घटकाभर उभे राहावे. कर्जत-खालापूरच्या फार्महाऊसवर चित्रीकरणासाठी निघालेल्या व्हॅनिटी व्हॅन, नवरीच्या तयारीसाठी भाड्याने नेलेल्या वातानुकूलित गाड्या, आणि आता झोपण्याची व स्वयंपाकाची सोय केलेल्या कॅम्पर गाड्याही या वाटेने जाताना दिसतात. राज्य सरकारने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले, तेव्हापासून या शेवटच्या प्रकाराला सरकारी चौकटही मिळाली आहे.

या सगळ्या गाड्यांत एक गोष्ट समान असते. मागच्या बाजूला किंवा खाली, लोखंडी जाळीच्या दाराआड एक जनरेटर बसवलेला असतो. गाडीतील एसी, दिवे, फ्रीज, गिझर, सारे त्याच्या जिवावर चालते. गाडीचे इंजिन बंद पडले तर ती ओढून नेता येते. पण ठरल्या जागी पोहोचल्यावर जनरेटर बंद पडला, तर त्या दिवसाचे भाडे बुडते आणि पुढचे गिऱ्हाईकही जाते. म्हणून हा लेख आम्ही गाडीमालकांसाठी लिहीत आहोत, तसाच गॅरेजमध्ये हात काळे करणाऱ्या आमच्या तरुणांसाठीही.

आमच्या पाहण्यात एक विचित्र गोष्ट आली आहे. हे जनरेटर निष्काळजीपणाने जितके मरतात, तितकेच चुकीच्या काळजीनेही मरतात. मालक हौशी असतो. गाडी वॉशिंग सेंटरवर जाते, चाके आणि चासी धुऊन होते, तसा धुणारा पोरगा जाळीचे दार उघडून जोराच्या पाण्याचा फवारा आतही मारतो. जनरेटर नव्यासारखा चकाकतो. सेल्फ मारला की लगेच चालूही होतो. मग पंधरा-वीस दिवसांनी एका दुपारी व्होल्टेज खालीवर होऊ लागते, एसीचे कार्ड जळते, आणि मिस्त्री म्हणतो, ‘कंपनीचा माल खराब.’ माल खराब नसतो. त्या दिवशीच्या धुण्याचा तो हिशेब असतो.

इंजिन सोसते, कार्ड सोसत नाही

हे समजण्यासाठी जनरेटरचे तीन भाग वेगळे पाहिले पाहिजेत. पहिला भाग इंजिन. तो तेलाचा, धुराचा आणि उष्णतेचा सोबती आहे. थोडेफार पाणी सोसतो. दुसरा भाग अल्टरनेटर, म्हणजे तांब्याच्या तारांची गुंडाळी. तिच्यावर वार्निश असते, ती ओली झाली तरी नीट वाळवली तर बहुधा वाचते. तिसरा भाग इलेक्ट्रॉनिक्सचा. एव्हीआर, कंट्रोलरचे कार्ड, बॅटरी चार्जर आणि त्यांना जोडणारे कपलर त्यात येतात. खरी नाजूक जागा ही.

एव्हीआर म्हणजे व्होल्टेज आपोआप सांभाळणारी छोटी डबी. इंजिनाचा वेग गव्हर्नर धरून ठेवतो. दोन पोलच्या सेटला मिनिटाला ३००० फेरे आणि चार पोलच्या सेटला १५०० फेरे मिळाले, की ५० हर्ट्झचा प्रवाह मिळतो. व्होल्टेज २३० च्या आसपास ठेवण्याचे काम मात्र एव्हीआरचे. तो अल्टरनेटरमधून एका बारीक जोडीच्या तारेने सतत व्होल्टेज मोजत राहतो; कमी दिसले की चुंबकाचा जोर वाढवतो, जास्त दिसले की कमी करतो.

आता त्या मोजणाऱ्या तारेच्या कपलरमध्ये पाणी गेले, पिनेवर हिरवा थर चढला आणि तार सुटल्यासारखी झाली, तर काय होईल? एव्हीआरला वाटते की व्होल्टेज पार खाली गेले. तो पूर्ण जोर लावतो. ज्या डबीत अशा प्रसंगासाठी वेगळे संरक्षण नसते, तेथे व्होल्टेज २३० वर न थांबता कितीतरी वर जाते, आणि एसी, टीव्ही, मोबाइलचे चार्जर एका झटक्यात जातात. दोनशे-तीनशे रुपयांची धुलाई अशी लाखाच्या सामानावर येते.

छोट्या कॅम्परमध्ये आता इन्व्हर्टर प्रकारचे पेट्रोल जनरेटर बसवतात. ते आवाजाला कमी आणि वजनाला हलके असतात. त्यांत अल्टरनेटरचा प्रवाह आधी डीसी करून मग कार्डाच्या साहाय्याने पुन्हा २३० व्होल्टचा एसी बनवला जातो. म्हणजे सगळी वीज इलेक्ट्रॉनिक्समधूनच जाते. हे मोड्यूल बहुधा रेझिनमध्ये ओतलेले असते, त्यामुळे ते उघडून दुरुस्त करता येत नाही; गेले की पूर्ण बदलावे लागते, आणि ते जनरेटरमधल्या सर्वांत महाग भागांपैकी एक आहे. डिझेलच्या बाजूलाही इलेक्ट्रॉनिक्स वाढतच आहे. १ जुलै २०२३ पासून नव्या जनरेटरसाठी सीपीसीबी-४ प्लस हे प्रदूषणाचे कडक निकष लागू झाले. त्यामुळे मोठ्या सेटमध्ये सेन्सर आणि इंजिनाचे स्वतंत्र कार्ड ही नित्याची बाब झाली आहे. जुन्या मिस्त्रीची ‘धुवा, वाळवा, चालवा’ ही पद्धत या यंत्राला चालत नाही.

‘डबीला तर रबरी सील आहे, मग पाणी जाते कसे?’ असे आम्हाला पुष्कळदा विचारले जाते. त्याचे उत्तर सोपे आहे. चालून आलेला जनरेटर गरम असतो, डबीतली हवाही गरम. त्यावर थंड पाण्याचा फवारा बसला की आतली हवा आकसते आणि तारेच्या कडेने पाणी आत ओढून घेते. एकदा आत गेलेले पाणी बाहेर येत नाही. त्यात धुण्याची पावडर मिसळलेली असेल तर आणखी वाईट, कारण पाणी सुकते पण पावडरीचा थर राहतो. पनवेलसारख्या खाडीकाठच्या दमट गावात तो थर हवेतला ओलावा ओढून पुन्हा ओला होतो, आणि वीज जिथून जायला नको तिथून जाऊ लागते. पंधरा दिवसांच्या उशिराचे रहस्य हेच.

साफ करावे कसे

साफसफाई तर हवीच. मुंबई-गोवा महामार्गाच्या रुंदीकरणाचे काम २०११ पासून चालू झाले. त्या धुळीतून वर्षभर ये-जा केलेल्या गाडीचा जनरेटर उघडून पाहिला तर आत मातीचा लेप सापडतो. लेप बसला की वारा खेळत नाही, वारा खेळला नाही की कार्ड तापते, आणि तापलेले कार्ड फार दिवस टिकत नाही. म्हणून साफ करायचे, पण कोरडे.

सुरुवात बंद करण्यापासून. गाडी थांबल्यावर जनरेटर किमान तासभर थंड होऊ द्यावा. किल्ली काढावी, एमसीबी खाली करावा, बाहेरच्या विजेची पिन लावलेली असेल तर ती उपटावी. गाडीत बॅटरीवर चालणारा इन्व्हर्टर असेल तर तोही बंद करावा. नाहीतर जनरेटर बंद असूनही तारेत २३० व्होल्ट उभे असतात. मग बॅटरीची निगेटिव्ह तार आधी सोडवावी आणि नंतर पॉझिटिव्ह. जोडताना उलट. हा क्रम केवळ पद्धत म्हणून नाही. आधी पॉझिटिव्ह सोडवताना पाना बॉडीला टेकला तर ठिणगी उडते आणि तिचा धक्का कार्डापर्यंत जातो. शेवटी दहा मिनिटे थांबावे, कारण कपॅसिटरमध्ये वीज साठून राहिलेली असते. कुठलाही कपलर काढण्यापूर्वी मोबाइलवर फोटो घ्यावा. हे काम दहा सेकंदांचे आहे, पण त्याने दोन तासांची डोकेफोड वाचते.

धूळ काढायला रंगाचा मऊ केसांचा ब्रश आणि घरातला व्हॅक्युम क्लीनर पुरेसा आहे. ब्रशने सैल करायचे आणि क्लीनरने ओढून घ्यायचे. आमच्याकडे सवय उलटी आहे. टायरवाल्याकडून कॉम्प्रेसरची नळी आणली की फूं करून सगळे उडवले जाते. त्या हवेचा दाब १०० पौंडांच्या वर असतो आणि टाकीच्या तळाशी पाणी असते. पावसाळ्यात तर त्या नळीतून हवेबरोबर तुषारच येतात. ती धूळ बाहेर जाण्याऐवजी कपलरच्या आत, बेअरिंगच्या आत ठोकली जाते. हवा वापरायचीच असेल तर आधी टाकीचे पाणी काढावे, दाब २५ ते ३० पौंडांवर आणावा, नळी हातभर दूर धरावी आणि हवा आतून बाहेर मारावी. छोटा पंखा असेल तर तो बोटाने धरून ठेवावा. हवेने भरधाव फिरला तर त्याचे बेअरिंग जाते.

इंजिनावरची तेलकट घाण फडक्याने काढावी. फडके सौम्य डिग्रीझरमध्ये भिजवून पिळून घ्यावे. डिझेल किंवा रॉकेलने पुसण्याची आपल्याकडची जुनी रीत सोडलेली बरी. त्याने चकाकी येते, पण रबरी फाउंडेशन आणि तारांचे आवरण फुगते आणि उरलेल्या तेलावर धूळ दुप्पट बसते. पेट्रोलने पुसण्याचा तर विचारही नको. बंद कप्प्यात पेट्रोलची वाफ आणि एखादी ठिणगी, मग साफ करायला काही उरत नाही.

कपलर आणि पिना यांच्यासाठी कॉन्टॅक्ट क्लीनर नावाचा स्प्रे मिळतो. तो उडून जाणारा असतो, मागे तेल सोडत नाही. गंज सोडवण्याचा स्प्रे वेगळा आणि हा वेगळा. दोन्हींचे डबे सारखेच दिसतात म्हणून दुकानात नाव वाचून घ्यावे. पिना पॉलिश पेपरने घासू नयेत, वरचा मुलामा निघतो आणि पुढच्या पावसात त्या दुप्पट गंजतात. ज्या जनरेटरला कार्बन ब्रश आहेत, त्याच्या स्लिप रिंगजवळ काळी भुकटी साठते. ती कोळशाचीच असल्याने वीज वाहते, म्हणून ओढून घ्यावी, उडवू नये. रिंग काळवंडली असेल तर अगदी बारीक झिरो पेपर हलका फिरवावा. एमरी कापड नको, कारण त्याचे कण रिंगांमध्ये अडकून शॉर्ट करतात.

अलिबाग, मुरूड, दापोलीच्या किनाऱ्यावर जाऊन आलेल्या गाडीला मिठाचा पातळ थर चढतो. तो कोरड्या ब्रशने जात नाही. तेथे साध्या पाण्यात घट्ट पिळलेल्या फडक्याने बाहेरचे पत्रे आणि ब्रॅकेट पुसून लगेच कोरड्या फडक्याने टिपावे. आतल्या कार्डाला मात्र हात लावू नये.

एवढे करूनही कोणी पाणी मारलेच तर? सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे ‘चालतो का बघू’ म्हणून सेल्फ मारू नये. बॅटरी सोडवावी, झाकणे उघडून दोन दिवस वाळवावे, कप्प्यात एक जुन्या प्रकारचा साठ वॅटचा दिवा लावून ठेवला तरी चालतो. मग मेगरने गुंडाळी तपासावी. किमान एक मेगओहम दिसल्याशिवाय चालू करू नये. पण मेगर स्वतः ५०० व्होल्ट सोडतो. एव्हीआर, डायोड आणि कंट्रोलरच्या तारा आधी न काढता मेगर लावला तर पाण्यातून वाचलेले कार्ड आपल्याच हाताने मरते. नवशिक्या वायरमनच्या हातून हा प्रकार आम्ही एकाहून अधिक ठिकाणी झालेला ऐकला आहे.

पाणी नसतानाही कार्ड जाते

कळंबोलीला गाड्यांच्या बॉडीची कामे चालतात. जाळी तुटली, फूटबोर्ड हलला, की वेल्डिंग होते. वेल्डिंगचा करंट गाडीच्या चासीतून परत जातो आणि वाटेत जे सापडेल त्यातून जातो. म्हणून वेल्डरने हात लावण्यापूर्वी बॅटरीच्या दोन्ही तारा आणि कंट्रोलरचा कपलर काढून ठेवावा, अर्थिंगचा चिमटा वेल्डच्या अगदी जवळ लावावा. ‘छोटासा टाका आहे’ असे म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नये.

दुसरा धोका मदतीला धावून येणाऱ्या ट्रकवाल्याचा. बॅटरी उतरली की हायवेवर आपला माणूस शेजारच्या ट्रकवरून दोन तारा ओढून स्टार्ट देतो. ट्रकची सिस्टीम २४ व्होल्टची, जनरेटरची बहुधा १२ व्होल्टची. इंजिन झोकात फिरते आणि कंट्रोलर काळा पडतो. चालू जनरेटरची बॅटरी काढणे हाही तसाच प्रकार. चार्जिंगचा प्रवाह जायला जागा न मिळाल्याने व्होल्टेज उसळते आणि ते कार्ड खाते.

आणखी एक शत्रू लहान आहे. फार्महाऊसच्या आवारात गाडी पंधरा दिवस उभी राहिली की उंदीर तारा कुरतडतात, पाल उबेसाठी एव्हीआरवर जाऊन बसते, मुंग्या रिलेच्या पॉइंटमध्ये शिरतात. तारा आत जाण्याची भोके स्टीलच्या बारीक जाळीने बंद करावीत. वारा येण्याजाण्याची मोठी जाळी मात्र कधीही झाकू नये. पावसात ताडपत्री टाकून जनरेटर चालवणारे महाभागही आम्ही पाहिले आहेत.

चालवण्याच्या सवयीवरही कार्डाचे आयुष्य ठरते. सुरू करताना सगळे लोड बंद असावे. दोन-तीन मिनिटांनी आधी एक एसी, तो स्थिरावला की दुसरा. बंद करतानाही लोड काढून तीन मिनिटे रिकामा चालवावा, म्हणजे आतली उष्णता निघून जाते. लोड असताना इंधन संपून जनरेटर गचके खात बंद पडू देणे सर्वांत वाईट. वेग पडतो तसे व्होल्टेज आणि फ्रिक्वेन्सी दोन्ही कोसळतात, आणि एसीचा कॉम्प्रेसर त्यात अडकतो. डिझेलमध्ये वर हवाही धरते.

इंजिनाचे काम बहुतेकांना ठाऊक असते, म्हणून ते थोडक्यात सांगतो. छोट्या पेट्रोल सेटचे पहिले ऑइल २० ते २५ तासांत, पुढे दर १०० तासांनी किंवा सहा महिन्यांनी बदलावे. डिझेलचे कंपनीच्या पुस्तकाप्रमाणे. धुळीच्या रस्त्यावर यापेक्षा लवकर. डिझेल सेट एका पंख्यावर आणि दोन दिव्यांवर तासन्‌तास चालवला तर न जळलेले इंधन सायलेन्सरमध्ये साठून तेलकट काळे होते, त्यामुळे महिन्यातून एकदा तास-दीड तास निम्म्याहून अधिक लोडवर चालवावा. पेट्रोलची गोष्ट आता बदलली आहे. पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि इथेनॉल पाणी ओढते. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर लोड काढून, इंधनाचा कॉक बंद करून कार्बोरेटर रिकामा होईपर्यंत चालवावे. अर्ध्याअधिक ‘कार्ड गेले’च्या तक्रारी प्रत्यक्षात अडकलेल्या जेटच्या निघतात, इंजिन वेग धरत नाही म्हणून व्होल्टेज हलते आणि दोष एव्हीआरच्या माथी येतो.

धुराची वाट

साफसफाईला बसलात की सायलेन्सरचा पाइप, त्याची गॅस्केट आणि कप्प्याच्या फरशीवरची भोकेही पाहावीत. केरळातील वडकरा येथे डिसेंबर २०२४ मध्ये रस्त्याच्या कडेला उभ्या केलेल्या कॅरॅव्हॅनमध्ये दोघे मृत सापडले. जनरेटर व एसी चालू ठेवून ते आत झोपले होते, आणि जनरेटरच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड आत शिरल्याने हा प्रकार घडल्याचे तपासात पुढे आले. या वायूला वास नाही, रंग नाही. झोपलेल्या माणसाला जाग येत नाही. तार नेण्यासाठी पाडलेले आणि बुजवायचे राहून गेलेले बोटभर भोकसुद्धा पुरते. त्यामुळे वायरमनने नवे भोक पाडले तर त्याच दिवशी ग्रोमेट आणि सीलंटने ते बंद करून घ्यावे, केबिनमध्ये कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म बसवावा, आणि माणसे झोपलेली असताना जनरेटर चालू ठेवू नये. भाड्याने गाडी देणाऱ्या मालकाची येथे मोठी जबाबदारी आहे. ड्रायव्हर रात्री त्याच गाडीत झोपतो हे मालकाला माहीत असते.

आमच्या तरुणांसाठी

पनवेल, तळोजा, कळंबोली या पट्ट्यात ट्रकच्या इंजिनाचे मिस्त्री पुष्कळ आहेत आणि घरगुती वायरमनही पुष्कळ. इंजिन आणि कार्ड दोन्ही समजणारा माणूस मात्र बोटावर मोजण्याइतका. आयटीआयमधून डिझेल मेकॅनिक किंवा वायरमन झालेल्या, अगर आखाती देशांत मोठ्या जनरेटरवर काम करून परतलेल्या मुलाला येथे चांगली जागा आहे. दुकानाची गरज नाही, कारण जनरेटर गाडीतच असतो. मोटारसायकलवर पेटी बांधून गाडीपाशी जायचे. पेटीत मेगर, क्लॅम्प मीटर, छोटा व्हॅक्युम क्लीनर, कॉन्टॅक्ट क्लीनर आणि एक चांगला मल्टिमीटर असावा. मल्टिमीटर ‘ट्रू आरएमएस’ प्रकारचा घ्यावा. जनरेटरच्या वाकड्यातिकड्या लहरींवर स्वस्त मीटर चुकीचा आकडा दाखवतो, आणि त्या आकड्यावर विसंबून चांगला एव्हीआर फेकला जातो.

मोबदला नगावर न ठरवता वर्षाच्या करारावर ठरवावा असे आम्ही सुचवू. महिन्यातून एक भेट, आणि प्रत्येक भेटीला अवर मीटरचा आकडा, रिकामे असतानाचे व लोडवरचे व्होल्टेज, फ्रिक्वेन्सी, बॅटरीचे व्होल्टेज एवढे एका वहीत लिहायचे. २३० चे २२४, मग २१७ असा उतार वहीत दिसू लागला की कुठला तरी कपलर ढिला होतो आहे किंवा कार्बन झिजतो आहे हे आधीच कळते, आणि चित्रीकरणाच्या दिवशी पळापळ होत नाही. वहीची एक प्रत गाडीत ठेवावी; गाडी विकायला काढली तर गिऱ्हाईक तीच आधी मागते. आणि वहीच्या पहिल्या पानावर, धुणाऱ्या पोराला वाचता येईल अशा मोठ्या अक्षरांत लिहावे, शिवाय जाळीच्या दारावरही रंगवून घ्यावे : ‘येथे पाणी मारू नये.’